गोदाला दवाखान्यात घालावे

गोदाचा जीव गेला तेव्हा स्टुडिओत आम्ही पाचजण होतो आणि पाचहीजण रडत होतो.

प्रमिला शेटे मायक्रोफोनसमोर उभी होती. हातातला शेवटचा कागद तिनं आवाज न करता खाली सोडला, मनगटातल्या काचेच्या बांगड्या एकदाच हलवल्या आणि अर्धा श्वास घेऊन ती थांबली. उरलेला अर्धा घेतलाच नाही. शेजारी उभ्या असलेल्या ताराबाई गवंडींनी ‘गोदे!’ अशी हाक मारली. त्यांनी उमेदीची वीस वर्षं संगीत नाटकांत काढलेली. ती हाक ऐकून काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. लाल दिवा विझला.

मग काचेपलीकडून हुद्देदारसाहेब आत आले. ते आमच्या कार्यक्रमाचे अधिकारी. चष्मा हातात, डोळे लाल.

“पोतदारबाई,” ते म्हणाले, “आजवरचं तुमचं सगळ्यांत चांगलं लिखाण. गुरुवारी अख्खा जिल्हा जेवणार नाही बघा.”

मी तरंगतच घरी गेले.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि जिल्ह्याच्या गावातल्या रेडिओ केंद्रासाठी दर आठवड्याला एक कौटुंबिक मालिका लिहीत होते. ‘सोप्यावर’ तिचं नाव. गावाकडच्या बायकांसाठी, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, वीस मिनिटं. माने नावाचं एक घर मी कल्पनेनं उभं केलं होतं. घरात कडक सासू, तिला सगळे थोरली आई म्हणायचे. आणि तिची हसरी, जरा हट्टी सून गोदा. थोरल्या आईचं काम ताराबाई करायच्या, गोदाचं प्रमिला. दोन वर्षांत ही गोदा माझ्या हातातून कधी निसटली ते मला कळलंच नाही. तिला हळदीकुंकवाची बोलावणी यायची. ती माहेरी गेल्याचा भाग झाला तर ‘गोदाला आणायला कुणी गेलं की नाही’ म्हणून विचारणा व्हायची. एकीनं तर चोळीचा खण पाठवला होता, माप विचारून.

त्या वर्षी गोदाला दिवस गेले. ‘बाळंतपण दवाखान्यातच’ हा विषय हुद्देदारसाहेबांनी सुचवला होता आणि तो कसा मांडायचा हे माझ्यावर सोडलं होतं. मी गोदाला दवाखान्याची भीती घातली. ‘दवाखान्यात गेलेलं माणूस परत कुठं येतं?’ हे वाक्य तिच्या तोंडी चार भाग तरी घोळवलं. थोरल्या आईनं समजावलं, नवऱ्यानं समजावलं, गोदा हटली नाही. आणि सोमवारी आम्ही ध्वनिमुद्रित केलेल्या भागात ती घरीच बाळंत होताना गेली. बायकांनी धडा घ्यावा, असा हेतू. निदान तसं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी केंद्रावर पत्रं न्यायला गेले. त्यांत एक कार्ड होतं. अक्षर शाळामास्तरांचं, ठसठशीत; मजकूर दुसऱ्याच कुणाचा तरी.

‘रेडिओवरल्या बाईंस, कुरणवाडीहून अनुसया मारुती गळवे हिचा नमस्कार. पत्रास कारण की, आमची सून सिंधू हिचे दिवस तुमच्या गोदाबरोबरच भरत आले आहेत. नर्सबाई म्हणतात मूल आडवे आहे, तालुक्याला न्या. सून म्हणते गोदा घरीच बाळंत होणार, मी पण घरीच. पाया पडले तरी ऐकत नाही. तिची आई साप चावून दवाखान्यात गेली ती परत आली नाही, म्हणून गोदाचे बोलणे तिला पटते. तरी गुरुवारच्या आत गोदाला दवाखान्यात घालावे. न जमल्यास पुढे काय होणार ते उलट टपाली कळवावे. आम्ही काळजीत आहोत.’

मी ते कार्ड उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग खुर्चीवर बसून एकदा.

पहिलं मनात काय आलं ते सांगते. मनात आलं, बघा, माझं लिखाण किती पोचतं. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला: ही पोरगी गोदा करील तेच करणार होती, आणि माझी गोदा घरीच मेलेली टेपवर तयार होती.

प्रमिला बँकेत नोकरीला होती; मी तडक तिकडे गेले. काउंटर बंद झालं होतं, ती दिवसाचा हिशेब मिटवत होती. मी जाळीतून कार्ड आत सरकवलं. तिनं वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा वाचलं.

“उत्तर पाठवते आजच,” मी म्हणाले. “लिहिते की गोष्ट ती गोष्ट, डॉक्टरचं ऐका म्हणून.”

“पत्र शनिवारी पोचेल, शरयूताई,” प्रमिला म्हणाली. “गोदा परवा मरणार आहे.”

“मग तार करू.”

“तारेत काय लिहिणार? गोदा मेली तरी तू दवाखान्यात जा?” तिनं शिक्क्याची पेटी बंद केली. “उद्या मी रजा टाकते. तुम्हीही टाका. आपण जाऊ.”

प्रमिला तेव्हा पंचेचाळिशीची होती. लग्न केलं नव्हतं. ठेंगणी, गोल, जाड भिंगांचा चष्मा, कानशिलांवर केस पिकलेले. तिचा आवाज तेवढा बावीस वर्षांचा होता. तो तिच्याकडे कुठून आला होता कोण जाणे.

बुधवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तालुक्याला गेलो, तिथून दुसऱ्या गाडीनं कुरणवाडीच्या फाट्याला उतरलो आणि तीन किलोमीटर चालत वस्तीवर पोचलो. बारा वाजले असतील. वाटेत आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई भेटल्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या.

“तुम्हीच का त्या?” माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या. “बाई, मी चार खेपा घातल्या त्या घरी. पोट तपासून दाखवलं, मूल असं आडवं आहे म्हणून. ती पोरगी मला म्हणते, गोदाक्काला विचारा.”

“किती दिवस आहेत अजून?”

“दिवस कसले? आज-उद्या म्हणायचं. घरात कळा लागल्या तर माझ्या हातात काही राहायचं नाही.”

अनुसयाबाई सोप्यातच ज्वारी निवडत होत्या. उंच, हाडापेराच्या, कपाळावर मोठं गोंदण. मी नाव सांगताच त्या सूप बाजूला ठेवून उठल्या आणि माझ्या मागं बघायला लागल्या.

“गोदाला आनलंय नव्हं?”

“ही काय.” मी प्रमिलाला पुढं केलं.

अनुसयाबाईंनी प्रमिलाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि डोक्यापासून पायापर्यंत. काही बोलल्या नाहीत. पण तोवर वस्तीवर बातमी गेली होती, आणि बायका कुंपणावरून, गोठ्यातून, मिळेल त्या वाटेनं गोळा होत होत्या. त्यांना गप्प बसणं जमलं नाही.

“ही वं कुठली गोदा? गोदा शेलाटी हाय!”

“आनि चष्मा कवा लागला तिला?”

“आगं, म्हातारी हाय ही. ही थोरली आई आसंल.”

प्रमिला बिचारी घाम पुसत हसत होती. आतल्या खोलीत सिंधू बाजेवर बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची, चेहरा सुकलेला, पोट मात्र आडवं ताणल्यासारखं रुंद दिसत होतं. उशाला ट्रान्झिस्टर, त्याला तिनं रंगीत रुमाल शिवून घातला होता. तिनं प्रमिलाकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“आत्याबाई, मला फशिवताय तुमी. नर्सबाईची बहीन आनलीया कुनी तरी.”

“सिंधू,” मी म्हणाले, “मी ही गोष्ट लिहिते. गोदा माझ्या मनातली आहे. खरी कुणी गोदा नाही, बाळ. तू—”

तिनं कानांवर हात ठेवले. मी किती चुकीचं वाक्य बोलले होते ते माझं मलाच कळलं. जी दर गुरुवारी या पोरीच्या उशाशी बोलत होती, ती नाहीच म्हणून सांगायला मी वीस कोसांवरून आले होते.

वाट काढली ती अनुसयाबाईंनी. त्यांनी बायकांना अंगणात पिटाळलं, दार ओढून घेतलं, आणि कोपऱ्यातल्या धान्याच्या मोठ्या कणगीकडे बोट दाखवून प्रमिलाला म्हणाल्या, “तुमी त्या कणगीमागं बसा.” मग सुनेला म्हणाल्या, “डोळं मीट. मिटून ऐक. गोदा नसली तर उघड डोळं आनि घाल मला शिव्या.”

प्रमिला कणगीमागं गेली. तिथं जागा थोडी; ती कशीबशी मांडी घालून टेकली. आम्ही वाट बघत राहिलो. माझ्याजवळ कागद नव्हता, तिच्याजवळ संवाद नव्हते. दोन वर्षांत गोदा मी लिहून दिल्याशिवाय एक शब्द बोलली नव्हती.

“सिंधे,” कणगीमागून आवाज आला. “जेवलीस का गं?”

सिंधूचे हात कानांवरून खाली आले.

“न्हाई,” ती म्हणाली. मग अगदी हळू, “गोदाक्का?”

“मी बी न्हाई जेवले. घास उतरंना. भ्या वाटतंय.”

“मला बी.”

“तुझी आई गेली म्हनं दवाखान्यात.”

“व्हय. तूच म्हनली हुतीस नव्हं, गेलेलं मानूस परत कुठं येतं?”

ते वाक्य माझं होतं. त्याला उत्तर आता गोदालाच द्यायचं होतं.

“म्हनले हुते,” गोदा म्हणाली. “भ्यालेलं मानूस काय बी बोलतंय. ते खरं धरून बसायचं आसतं व्हय? मी काय डाक्टर हाय? तुझ्यावानीच आडानी. पर काल थोरली आई माज्याजवळ बसली आनि रडली. तिला कवा रडताना बघितलंय का तू?”

“न्हाई.”

“मी बी न्हाई. तवा म्हनले, जाते. भीत भीत जाते, पर जाते. तू येशील?”

सिंधू डोळे मिटूनच होती. मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळत होतं, आणि तोंड किंचित हसत होतं.

“कवा जानार तू?”

आता प्रमिला फसली. कणगीच्या कडेनं तिचा चष्मा माझ्याकडे वळला. मी हात हलवून नको नको म्हणत होते. पण गोदा मला विचारून बोलणार नव्हती.

“उद्या,” ती म्हणाली. “गुरवारी. सांजच्याला.”

“मग मी ऐकीन,” सिंधू म्हणाली. “तू गाडीत बसलीस की मी बी बसते. त्याच्या आदी न्हाई.”

त्यानंतर आम्ही तिला पुष्कळ विनवलं. नर्सबाई आल्या, त्यांनीही विनवलं. ती तेवढ्या एका गोष्टीवर ठाम राहिली: गोदा गाडीत बसल्याशिवाय नाही. शेवटी अनुसयाबाई म्हणाल्या, “डेरीचा दुधाचा टेंपो सहाला येतो फाट्यावर. मी त्याला दारात आनून हुबा करते. तुमी तेवढं गोदाला येळंवर काढा.”

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो.

“प्रमिला, हे काय करून बसलीस?” मी म्हणाले.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “माझ्या तोंडून गेलं. तुम्ही कुठं काय लिहून दिलं होतं?”

हुद्देदारसाहेब केंद्रातून निघायच्या बेतात होते. आम्ही दोघी धुळीनं माखलेल्या त्यांच्या खोलीत शिरलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, आणि मूर्ख तर मुळीच नव्हता. म्हणूनच तो जे बोलला ते मला खोडता येईना.

“पोतदारबाई, विचार करा. गोदा मेली तर जिल्ह्यातल्या हजार घरांत लोक हादरतील. हजार सासवा उठून सुनांना दवाखान्यात नेतील. एका सिंधूसाठी तुम्ही त्या हजारजणींवर पाणी सोडायला सांगताय.”

“त्या हजारजणी मला माहीत नाहीत, साहेब. हिला मी बघून आले.”

“हे उत्तर नाही झालं.”

“नाही झालं,” मी कबूल केलं.

“टेप मंजूर झाली आहे. उद्या स्टुडिओ दिवसभर भजनीमंडळांना दिलाय, पुन्हा ध्वनिमुद्रण करायला जागा नाही.” त्यांनी चष्मा काढला. “आणि मुख्य म्हणजे भाग उत्तम आहे. मी स्वतः रडलो. मला एक सांगा, खरं सांगा. गोदाला मारायचं तुम्ही का ठरवलंत?”

“बायकांनी धडा—”

“ते मला माहीत आहे, तसा अहवाल मीच लिहिलाय. खरं कारण सांगा.”

प्रमिला माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर पाहिलं. काय सांगणार? दोन वर्षं मी सासू-सुनेची कुरबुर आणि लोणची-पापड लिहीत होते. शाळेतल्या बायका मला ‘गोदाची आई’ म्हणून चिडवायच्या. मला एकदा दाखवायचं होतं, की मलाही मोठं काही लिहिता येतं. मरण लिहिलं की मोठं होतं, अशी माझी समजूत होती.

“लोकांनी रडावं म्हणून,” मी म्हणाले. “माझं नाव घेऊन रडावं म्हणून.”

हे वाक्य मी त्याआधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं, स्वतःपुढेही नाही.

“हं,” हुद्देदारसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “मी रडलो तेव्हा मलाही त्या हजार बायका आठवल्या नव्हत्या. भाग चांगला झाला, एवढंच आठवलं होतं.” मग त्यांनी टेबलावरचं वेळापत्रक पुढं ओढलं. “उद्या साडेसहाला निवेदकाचा छोटा स्टुडिओ मोकळा आहे. टेप नाही, थेट जाईल. चार वाजेपर्यंत कागद माझ्या हातात हवेत. चुकलं तर माझी बदली आणि तुमची मालिका बंद, हे लक्षात ठेवा.”

गुरुवारी मी शाळेत तोंडी परीक्षा घेता घेता तो भाग लिहिला. मुली कविता म्हणत होत्या आणि मी मान हलवत गोदाला गाडीत बसवत होते. त्यात काही मोठं नव्हतं. थोरली आई गाठोडं बांधते, नवरा बैल जुंपतो, शेजारीण दही हातावर घालते.

साडेसहाला दोन मिनिटं असताना आम्ही तिघी त्या खोक्याएवढ्या खोलीत एकाच मायक्रोफोनभोवती उभ्या होतो. ताराबाईंच्या हातात कागद अर्ध्या तासापूर्वीच पडले होते. त्या वाचून म्हणाल्या होत्या, “अगंबाई, सोमवारी मेली ना ही?” मी त्यांना काय झालं ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी फक्त पदर खोचला.

लाल दिवा लागला. सुरुवात बरी झाली. बाराव्या मिनिटाला, गोदा उंबऱ्याशी येऊन थबकते तिथं, प्रमिलानं कागद उलटला आणि पुढचा कागद हातात नव्हता. तो खाली गेला होता, टेबलाच्या मागं. मी गुडघ्यांवर बसले. प्रमिलाच्या चष्म्यावर वाफ धरली होती. रेडिओवर पाच सेकंदांची शांतता किती लांब असते, हे ज्यानं ती सोसली त्यालाच ठाऊक. काचेपलीकडे हुद्देदारसाहेब दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते.

“थांबलीस का गं?” ताराबाईंचा आवाज आला. मी खाली बसल्या बसल्या वर पाहिलं. त्यांनी आपले कागद टेबलावर पालथे घातले होते. “भ्यालीस. भी. मी बी भ्याले हुते. माज्या वक्ताला माजी सासू दारात हुबी हुती, हात कमरंवर ठिऊन. आत आली न्हाई. पानी दिलं न्हाई. मी दोन दिस वराडत हुते आनि ती दारातनं बघत हुती. तवा म्हनले हुते, माजी सून आली तर मी दारात हुबी ऱ्हानार न्हाई. चल. गाडीत मी तुज्या आदी बसते. हात दे.”

बांगड्या वाजल्या. प्रमिलानं खरोखरच हात दिला होता.

“धरा, आत्याबाई,” गोदा म्हणाली. “घट्ट धरा.”

ते माझ्या कागदात कुठंही नव्हतं. कागद सापडला तोवर तो लागणार नव्हता. त्या दोघी बोलत राहिल्या, गाडी चालू लागली, आणि गाडी दवाखान्याच्या फाटकाशी पोचते न पोचते तोच निवेदकाला वेळ संपल्याचं सांगावं लागलं. गोदाचं बाळंतपण राहूनच गेलं.

दिवा विझल्यावर मी ताराबाईंना विचारलं, “हे कुठल्या नाटकातलं?”

“नाटकातलं कशाला असेल?” त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

मग वाट बघणं आलं. कुरणवाडीला फोन नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात हुद्देदारसाहेबांनी शुक्रवारी सकाळी फोन लावला, तिथं एवढंच कळलं की गळवे नावाची बाई आली होती आणि तिला पुढं पाठवलं. पुढं म्हणजे कुठं, कशी, ते सांगणारा माणूस जागेवर नव्हता. शुक्रवार गेला. प्रमिलाच्या हातून बँकेत एका पावतीवर दोनदा शिक्का पडला. मी वर्गात एकच धडा दोन तास शिकवला आणि मुलींनी मला सांगितलंही नाही. ‘पुढं पाठवलं’ या दोन शब्दांचे जेवढे अर्थ होतील तेवढे मी करून पाहिले, आणि प्रत्येक अर्थाच्या शेवटी तो रंगीत रुमाल घातलेला ट्रान्झिस्टर दिसायचा.

शनिवारी सकाळची शाळा. साडेबाराला मी केंद्रावर गेले तर फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, “एक बाई बसल्यात तुमच्यासाठी. नाव सांगत नाहीत. म्हणतात, बाईंना बघितल्याबगर उठणार नाही.”

बाकावर अनुसयाबाई होत्या. त्यांच्या अंगावर बुधवारचंच लुगडं होतं. डोळे खोल गेलेले.

“सिंधू?” मी म्हणाले.

“हाय,” त्या म्हणाल्या. “बरी हाय. हितंच शिवील दवाखान्यात हाय. गुरवारी रातीच पोट फाडलं. दोगी बी बऱ्या हायत.”

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले आणि दोन दिवस न आलेलं रडू तिथं फाटकापाशी, पहारेकऱ्यादेखत आलं. अनुसयाबाईंनी मला रडू दिलं. मग पाठीवरून एक खरबरीत हात फिरवला.

“गप बसा आता. झालं ना समदं.”

“ऐकलं तिनं?”

“आर्दंच ऐकलं!” त्या पहिल्यांदा हसल्या. “टेंपो दारात. समदी वस्ती अंगनात. ती थोरली आई म्हनली की, मी तुज्या आदी गाडीत बसते, हात दे, तवा ही बया उठली. म्हनाली, आत्याबाई, तुमी काय बघत बसलाय, चडा की! मी आदी चडले, मग तिला वर घेतली. रेडू मांडीवर. दुधाच्या क्यानांत बसून गेलो बगा आमी. खडखडाटात तुमचं पुढचं काय बी ऐकू आलं न्हाई. वाटंतच कळा लागल्या. तालुक्यातल्या डाक्टरीनबाईनं बघितलं आनि लगीच गाडी देऊन हिकडं पाठवलं. म्हनली, आनखी चार-पाच तास घरात ऱ्हायली आसती तर दोगी बी हाताला लागल्या नसत्या.”

पहारेकऱ्यानं न सांगता चहा आणून दिला होता. अनुसयाबाईंनी बशीत ओतून, फुंकर घालून तो संपवला. मी ड्यूटी रूममधून प्रमिलाला फोन लावला. तिनं ऐकलं, ‘बरं’ म्हणाली आणि ठेवून दिला. दोन मिनिटांनी तिचाच फोन आला, सगळं पुन्हा सांगा म्हणून. हुद्देदारसाहेब बाहेर आले, त्यांनी अनुसयाबाईंना हात जोडून नमस्कार केला आणि पुन्हा आत गेले.

मी परत येऊन बसले तरी अनुसयाबाई उठेनात. त्यांच्या मनात काही होतं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “एक इचारायचं ऱ्हायलं. गोदाला काय झालं?”

“अजून काहीच नाही. पुढच्या गुरुवारी होईल.”

“लिवलंय?”

“नाही अजून.”

“मग पोरगी होऊ द्या.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या.

“आमाला पोरगी झालीया,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू, मला पोरगा पायजे हुता. त्या राती नर्सनं सांगितलं तवा माजं त्वांड उतरलं आनि सिंधीनं ते बघितलं. तवापास्नं ती माज्याशी बोलंना झालीया. शेजारच्या खाटंवरच्या बाईला पोरगा झालाय. तिच्याकडं मान्सांची रीघ लागलीया. आमच्याकडं कुनी न्हाई. गुरवारी समदा वार्ड रेडू ऐकनार हाय. गोदाला पोरगा झाला तर सिंधीनं कुठं बघायचं?”

“होईल, मुलगीच होईल,” मी म्हणाले.

“तेवढ्यानं भागायचं न्हाई.” आता त्या माझ्याकडे वळल्या. गोंदणाखालचे डोळे ओले होते, पण आवाज हुकूम सोडावा तसा. “थोरल्या आईनं त्वांड वाकडं करायचं न्हाई. तिनं गावात पेढं वाटायचं. पोरीची बर्फी न्हाई, जिलेबी न्हाई. पेढं. आमच्याकडं समदी तिचं ऐकत्यात.”

“समदी म्हणजे तुम्हीसुद्धा?”

अनुसयाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या.

“मला आज काय करायचं ते कळलंया,” त्या म्हणाल्या. “हितं जवळपास पेढ्याचं चांगलं दुकान कुठलं?”